ऐकण्याचा अभ्यास

माहितीपटाचं पहिलं दृश्य: अमळनेर स्टेशन. सकाळची भुसावळकडे जाणारी पॅसेंजर. खिडकीशी बसलेली ही मुलगी जळगावला मानसशास्त्रात एम.ए. करते आहे. तिला शैक्षणिक समुपदेशक व्हायचंय. घरून निघताना आजी अजून विचारते, "पोरी, हाई काय शिकी ऱ्हायनी तू?"

दहावीचा निकाल लागला की मुलाने पुढे काय घ्यावं, हे सांगायला मामा, काका, क्लासवाले सगळे हजर असतात. मुलाला विचारणारं कुणी नसतं. हिला ते विचारायला शिकायचंय.

तीन वर्षं बी.ए., दोन वर्षं एम.ए. पुढे एनसीईआरटी या केंद्राच्या शिक्षण-संशोधन परिषदेची मार्गदर्शन व समुपदेशनाची एक वर्षाची पदविका करायची, तर भोपाळची प्रादेशिक शिक्षण संस्था गाठायची. लेखी परीक्षा निभावतात. घाम फुटतो प्रात्यक्षिकात.

हे तिच्या वहीचं पान. सरावासाठी वर्गमैत्रीण विद्यार्थिनी झाली होती. त्या वीस मिनिटांतला शब्दन्‌शब्द इथे उतरवलाय. मैत्रीण म्हणते, "मला गणित नकोच वाटतं." लगेच हिचं उत्तर, "अगं, सराव केला की जमेल." त्याखाली बाईंची लाल शाई: "नको का वाटतं, ते कळलं का?"

मग अभियोग्यता चाचण्या, म्हणजे मुलाला काय चांगलं जमेल हे पाहणाऱ्या. घड्याळ लावून घ्यायच्या. पण धडगावकडचं मूल घरी पावरी किंवा भिली बोलतं, साक्रीकडचं अहिराणी. प्रश्नातला पुस्तकी शब्दच अडला, तर गुण कमी पडतात आणि मूल 'कच्चं' ठरतं. खानदेशात काम करणाऱ्याने हे सगळ्यात आधी शिकायला हवं.

याच अमळनेरात १९२४ ते १९३० या काळात साने गुरुजी प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडायचे. समुपदेशन हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता; मुलांना मात्र जवळ जाऊन बोलावं असं माणूस मिळालं होतं.

दिवाळीनंतरची एक शाळा. इथे ती अनुभवासाठी येते. ओसरीवर दहावीतला एक मुलगा थांबलाय. बोटांवर ओरखडे आहेत, कापूस वेचताना बोंडांच्या टोकांनी पडलेले.

त्याचा नंबर येतो. कॅमेरा दाराबाहेरच थांबतो. आत प्रत्येक मुलाला ती पहिल्यांदा काय सांगते, तेवढं तिने आम्हाला सांगितलंय: "तू बोलशील ते माझ्यापाशीच राहील. जिवाला धोका आहे असं वाटलं, तरच दुसऱ्याला सांगेन. तेही तुला सांगून."

दार लोटलं जातं.