‘थिंग’ची गोष्ट

(दृश्य: आइसलंड. काळ्या खडकाचा लांबलचक कडा, पायथ्याशी गवताळ माळ.)

या कड्यापाशी उभा राहून एक माणूस कायदा म्हणून दाखवायचा. कायदा लिहिलेला नव्हता, त्याला मुखोद्गत होता. दर उन्हाळ्यात एक तृतीयांश. तीन वर्षांत अख्खा कायदा लोकांच्या कानांवरून जायचा. सन 930पासून आइसलंडभरची माणसं इथे जमत. कज्जे चालत, तंटे मिटत, सोयरिकीही जुळत. या सभेला म्हणत ‘थिंग’. या जागेचं नाव आजही थिंगवेत्लिर, म्हणजे सभेचे माळ.

हो, इंग्रजीत आपण वस्तूला म्हणतो तोच हा ‘थिंग’. इंग्लंडमधल्या केंटच्या राजांच्या सातव्या शतकातल्या कायद्यात तो सभा याच अर्थानं येतो. पुढे सभेसमोर आलेलं प्रकरण, मग कुठलीही बाब, आणि होता होता हातात धरता येईल अशी कुठलीही चीज. जर्मन आणि डच ‘डिंग’ही याच वाटेनं गेला.

उत्तरेकडे मात्र शब्दातली सभा मोडली नाही. डेन्मार्कची संसद ‘फोल्केटिंग’, आइसलंडची ‘अल्थिंगी’, नॉर्वेची ‘स्टोर्टिंग’, म्हणजे मोठी सभा. आणि त्याच नॉर्वेत साध्या वस्तूलाही ‘टिंग’च म्हणतात!

(दृश्य: इंग्लंड आणि आयर्लंडच्या मधलं मॅन बेट, सेंट जॉन्स गाव. चार थरांचं हिरवं टेकाड.)

इथल्या संसदेचं नाव ‘टिनवल्ड’. थिंगवेत्लिरचाच हा भाऊ. दर जुलैत टेकाडाकडे जाणाऱ्या वाटेवर लव्हाळं पसरतात. त्यावरून सभासद चालत येतात, थराथरांवर बसतात, आणि नव्या कायद्यांचा सारांश सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचला जातो. इंग्रजीत, आणि बेटाच्या स्वतःच्या मँक्स भाषेतही.

मला या शब्दाची ओढ लागली ती मराठीमुळे. ‘थिंग’ला आपण काय म्हणतो? गोष्ट. ही गोष्ट आली संस्कृत ‘गोष्ठी’वरून, आणि गोष्ठी म्हणजे सभा, चारजणांनी बसून केलेलं बोलणं! कुठे आइसलंडचा कडा, कुठे आपण. एकानं दुसऱ्याकडून काही घेतलेलं नाही. तरी आधी सभा, मग तिथला विषय, आणि मग ‘बाजारातून एक गोष्ट आणायची राहिलीच’.

गोष्ठीच्याही मागे आहे ‘गोष्ठ’, गाई बांधायची जागा. हा शब्द तर आपल्या घरामागेच उभा आहे, शेणाच्या वासासकट.

गोठा.