मासे आणण्याआधी

[दृश्य : नुकतीच भरलेली काचेची टाकी. आत एकही मासा नाही. फिल्टरच्या तोंडातून पाणी पडतंय.]

ही टाकी कालच भरली. वाळू चांगली धुतलेली, पाणी आरपार, हीटर २६ अंशांवर, फिल्टरही सुरू. डोळ्यांना काही कमी दिसत नाही. पण आज हिच्यात पाच-सहा मासे सोडले, तर महिना संपायच्या आत त्यातले बरेचसे दगावू शकतात. घरोघरी हेच घडतं. मासे येतात, सुरुवातीला छान पोहतात, मग एकेक करून तळाशी बसायला लागतात. पाणी तर स्वच्छ होतं, खाणंही वेळच्या वेळी घातलं होतं, मग गेले कशानं हे कळत नाही. पुष्कळ जण तिथेच हा नाद सोडून देतात.

याचं मनापासून वाईट वाटतं, कारण हे मरण टाळता येतं. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लागतात ते जिवाणू, आणि ते वाढायला महिना-दीड महिन्याची सवड.

[दृश्य : माशाचे कल्ले, अगदी जवळून. उघडझाप.]

सुरुवात इथून होते. प्रथिनं पचली की शरीरात नको असलेलं नायट्रोजन उरतं. माणसाचं शरीर त्याचा युरिया करून लघवीवाटे टाकतं. मासा ही खटपट करत नाही. तो अमोनिया तयार करतो आणि त्यातला बहुतेक सरळ कल्ल्यांतून पाण्यात सोडतो. नदीत, तळ्यात पाणी अफाट, त्यामुळे तो विरून जातो. टाकीत मात्र तेच ५०-१०० लिटर पाणी पुन्हा पुन्हा कल्ल्यांतून जात राहतं. त्यात न खाल्लेले दाणे, विष्ठा, कुजलेली पानं यांची भर पडते. हे सगळं सडलं की त्याचाही अमोनियाच होतो.

पाण्यात अमोनिया वाढला की माशाच्या रक्तातला अमोनिया बाहेर पडायचा थांबतो. कल्ले सुजतात, लालभडक होतात. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडत-मिटत राहतो. भुकेला असेल असं समजून माणूस आणखी खाणं टाकतो, आणि अमोनिया आणखी वाढतो.

इथे एक रासायनिक बारकावा आहे. तो आत्ताच सांगून ठेवतो, पुढे फार उपयोगी पडणार आहे. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. एक खरा विषारी अमोनिया, दुसरं अमोनियम, जे माशाला फारसं बाधत नाही. कुठलं रूप किती, हे मुख्यतः पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्याच्या आकड्यावर ठरतं (७ म्हणजे मधोमध, खाली आम्लधर्मी, वर अल्कधर्मी). २५ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच ५ टक्क्यांच्या घरात जातो. ९ झाला तर एक तृतीयांशाच्याही वर. म्हणजे अमोनिया तेवढाच, पण एका टाकीत मासे खेळतायत आणि दुसऱ्या टाकीत मरतायत, असं होऊ शकतं.

[दृश्य : फिल्टरमधला जुना स्पंज. त्यावरचा तपकिरी, बुळबुळीत थर.]

या अमोनियावर जगणारे जीव आहेत. सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास दाखवून दिलं, की काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, जे माशाला विषारीच असतं, आणि दुसरे काही त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, जे त्या मानाने सौम्य. त्यांना ऊन लागत नाही, साखर लागत नाही. अमोनियाचा ऑक्सिजनशी संयोग घडवून जी ऊर्जा मिळते, तिच्यावर त्यांचं पोट चालतं. शरीर बांधायला लागणारा कार्बन ते पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात.

मत्स्यालयावरच्या पुस्तकांत यांची दोनच नावं वर्षानुवर्षं छापली गेली. अमोनियासाठी नायट्रोसोमोनास, नायट्राइटसाठी नायट्रोबॅक्टर. पण १९९० च्या दशकात मत्स्यालयांच्या फिल्टरमधले जिवाणू डीएनएवरून ओळखायला सुरुवात झाली, तेव्हा नायट्राइट संपवणारा मुख्य गडी नायट्रोस्पायरा निघाला. २००५ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या सार्वजनिक मत्स्यालयातल्या एका खाऱ्या टाकीच्या खडीतून अमोनियावर जगणारा एक आर्किया वेगळा काढण्यात आला. आर्किया हा जिवाणूंहून निराळाच सूक्ष्मजीवांचा गट. आणि २०१५ साली असेही नायट्रोस्पायरा सापडले, जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचं अख्खं काम एकट्याने करतात. त्यातले काही मत्स्यपालनाच्या टाक्यांना जोडलेल्या फिल्टरमधूनच मिळाले होते. शंभर वर्षांहून अधिक काळ हे काम दोघांत वाटलेलं आहे असंच मानलं जात होतं. घरातल्या फिल्टरसारख्या साध्या जागेतून विज्ञानाला एवढं मिळतं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

टाकी सांभाळणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं, की हे जीव पाण्यात मोकळे फारसे फिरत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटून थर करतात. स्पंजची छिद्रं, सिरॅमिकच्या रिंगा, वाळूचे कण, दगड, पानं, ही त्यांची घरं. म्हणून जुन्या टाकीतलं बादलीभर पाणी नव्या टाकीत ओतून विशेष काही साधत नाही. जुन्या फिल्टरमधला वापरलेला स्पंज आणला, तर मात्र आठवड्यांचं काम दिवसांवर येऊ शकतं. फक्त तो ओलाच आणायचा, आणि निरोगी टाकीतलाच घ्यायचा. रोगही त्याच वाटेने येतात.

[दृश्य : टाकीत अमोनियाचे थेंब पडतायत. शेजारी परीक्षानळ्या.]

असा स्पंज मिळत नसेल तर जिवाणूंना शून्यापासून वाढवायचं. याला सायकलिंग म्हणतात. ते मासे न घालता करावं, असं माझं ठाम मत आहे. पूर्वी एखादा काटक मासा आधी सोडायचे आणि त्याच्या अमोनियावर जिवाणू वाढवायचे. तो मासा वाचला तरी कल्ले पोळलेले असत. आता ज्यात साबण किंवा सुगंध मिसळलेला नाही असा द्रवरूप अमोनिया घालून तेच काम होतं. लिटरमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे २ पीपीएम, एवढा पुरे. जास्त घातला म्हणून काम लवकर होत नाही. फार झाला तर उलट जिवाणूंचीच वाढ खुंटते. तापमान २६ ते २८ अंश ठेवायचं, एअर पंप चालू ठेवायचा, आणि थांबायचं.

थांबावं लागतं, कारण हे जिवाणू अतिशय सावकाश वाढतात. पोटातले काही जिवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. यांना चांगल्या परिस्थितीतही अर्धा-एक दिवस लागतो, कधी त्याहून जास्त. पहिले काही दिवस काहीच हलत नाही. मग अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राइट चढतं. हा मधला टप्पा सगळ्यात रेंगाळतो. नायट्राइटच्या नळीतला जांभळा रंग दिवसेंदिवस तसाच राहतो, आणि माणसाचा धीर सुटतो तो इथेच. मग एके दिवशी नळी फिकट निळी दिसते. चार ते सहा आठवड्यांत बहुतेक टाक्या इथवर येतात.

या काळात कधी पाणी दुधाळ होतं. घाबरून सगळं पाणी बदलू नये. सेंद्रिय पदार्थांवर जगणारे दुसरेच जिवाणू पाण्यात माजलेले असतात, ते आपणहून ओसरतात.

[दृश्य : हात परीक्षानळी धरून रंगाच्या तक्त्याशेजारी नेतात.]

टेस्ट किटशिवाय हे काम अंदाजपंचे होतं. नळीत खुणेपर्यंत टाकीचं पाणी घ्यायचं, सांगितले तेवढे थेंब मोजून टाकायचे, हलवायचं, दिलेला वेळ थांबायचं. घरी सर्रास वापरल्या जाणाऱ्या किटमध्ये पाणी पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. हिरवट छटा आली तर आहे. नायट्रेटच्या किटकडे मात्र लक्ष द्यावं लागतं. त्यातल्या दुसऱ्या बाटलीत न विरघळणारी पूड असते, ती तळाशी घट्ट बसते. ती बाटली अर्धा मिनिट जोरजोरात हलवली नाही, तर नायट्रेट भरपूर असूनही नळी पिवळी दिसते. नायट्रेट शून्य आलं म्हणून खूश होण्याआधी बाटली पुन्हा हलवून तपासा. आणि नळाचं पाणीही एकदा तपासून ठेवा. काही ठिकाणी नायट्रेट नळातूनच येतं.

पुरी झालेली टाकी कशी ओळखायची? संध्याकाळी २ पीपीएम अमोनिया घाला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि नायट्रेट वाढलेलं असेल, तर जिवाणू तयार आहेत. मग साठलेलं नायट्रेट काढायला निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं आणि मासे आणायचे. थोडे थोडे. अन्न जेवढं, तेवढीच जिवाणूंची संख्या. मासे वाढले की त्यांनाही वाढायला वेळ लागतो.

[दृश्य : मासे असलेली टाकी. एक मासा तळाशी, कल्ले भराभर हलतायत.]

मासे आधीच आलेत आणि टाकी तयार नाही, अशा घरांसाठी दोन शब्द. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिन बिघडवतं. ते हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहून नेऊ शकत नाही. कल्ले तपकिरी दिसतात, आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो. त्यावर पहिला उपाय पाणी बदलणं, गरज पडली तर रोज. दुसरा साध्या मिठाचा, १० लिटरला १ ग्रॅम, विरघळवून. नायट्राइट ज्या वाटेने कल्ल्यांत शिरतं, त्याच वाटेने मिठातलं क्लोराइडही जातं, त्यामुळे नायट्राइटला आत जायला वाव कमी मिळतो. खाणं अगदी कमी करा. दोन-तीन दिवसांच्या उपासाने धडधाकट मोठा मासा मरत नाही.

बदलायचं पाणी नळाचं असेल तर अँटीक्लोरीन, म्हणजे क्लोरीन निष्प्रभ करणारं द्रावण, घालूनच टाकायचं. क्लोरीन माशांना तसंच जिवाणूंनाही मारक. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातो, पण क्लोरामाइन, म्हणजे काही ठिकाणी पाणी शुद्ध करायला वापरतात ते क्लोरीन-अमोनियाचं संयुग, जात नाही.

[दृश्य : बादलीत टाकीचंच पाणी. त्यात स्पंज पिळला जातोय. पाणी गढूळ, तपकिरी.]

टाकी बसली की तिला बिघडवतो तो बहुधा स्वच्छतेचा सोस. नळाखाली खळखळून धुतलेला स्पंज दिसायला छान दिसतो, पण क्लोरीनने त्यातले जिवाणू मेलेले असतात. असा दोन-तीनदा हलकेच पिळायचा, टाकीतून काढलेल्याच पाण्यात. पाणी पुन्हा नीट वाहायला लागलं की बस. तपकिरी राहिला तरी चालतो. फिल्टरमधलं सगळं साहित्य एकदम बदलू नये. नवं घालायचंच असेल तर जुन्याशेजारी महिनाभर ठेवून मग जुनं काढावं.

वीज गेली तर? बंद डब्यासारख्या फिल्टरमध्ये पाणी वाहायचं थांबलं की आतला ऑक्सिजन हळूहळू संपतो. बरेच तास गेले असतील तर फिल्टर तसाच चालू करू नका. आतलं सडकं पाणी आधी ओतून द्या. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असावाच. औषधांचंही भान हवं. अँटिबायोटिक आणि मिथिलीन ब्लू जिवाणूंनाही बाधू शकतात, म्हणून उपचार शक्यतो वेगळ्या टाकीत.

नायट्रेट त्या मानाने सौम्य. २० ते ४० पीपीएमच्या आत राहिलं तर बहुतेक माशांना चालतं. दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं. जिवंत वनस्पती असतील तर काम आणखी हलकं, कारण त्यांना नायट्रेटपेक्षा अमोनियमच जास्त आवडतं आणि त्या ते थेट उचलतात.

[दृश्य : जुनी, हिरवीगार टाकी. वरवर सगळं ठीक.]

आणि आता तो पीएचचा बारकावा. अमोनियातलं एक मिलिग्रॅम नायट्रोजन संपवताना जिवाणू सुमारे साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन वापरतात, आणि पाण्याची सुमारे ७ मिलिग्रॅम क्षारता, म्हणजे आम्ल पेलून पीएच टिकवायची ताकद, खर्ची पडते. पाणी बदललं नाही तर ही क्षारता महिन्यामहिन्याने संपत जाते आणि पीएच घसरतो. तो ६ च्या खाली गेला की जिवाणूंचं काम जवळपास थांबतं. अमोनिया साठायला लागतो. पण पीएच कमी असल्यामुळे तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो, त्यामुळे मासे तगून राहतात. मालकाला वाटतं, टाकी उत्तम चालली आहे, वर्षभरात पाणीसुद्धा बदलावं लागलं नाही.

मग कधीतरी तो उत्साहाने अर्धी टाकी उपसून पीएच ८ चं ताजं पाणी भरतो. पीएच एकदम चढतो, आणि साठलेल्या अमोनियमचा काही हिस्सा लगेच विषारी अमोनिया होतो. टक्के थोडेच, पण साठा मोठा असल्यामुळे तेवढाही मारक ठरतो. संध्याकाळपर्यंत मासे मरतात, आणि दोष पाणी बदलण्यावर जातो.

अशी टाकी हाती आली तर आधी पीएच आणि अमोनिया तपासा. दोन्ही बिघडलेले असतील तर रोज १० टक्क्यांहून जास्त पाणी बदलू नका. अमोनिया निष्प्रभ करणारं कंडिशनर त्या पाण्यात घाला. खाणं निम्म्यावर आणा. पीएच हळूहळू ६ च्या वर सरकला की जिवाणू पुन्हा कामाला लागतात. मधे नायट्राइट डोकं वर काढू शकतं, म्हणून त्याचीही नळी रोज भरा. अमोनिया शून्यावर आल्यानंतरच पाव टाकी बदलायला हात घाला.