'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये देव कुठे आहे?

नमस्कार! 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलाय, काहींनी वाचलाही असेल. जरा आठवून सांगा, त्या अख्ख्या कथेत चर्च कुठे दिसतं? पाद्री? धर्मग्रंथ? काहीच नाही. आणि लिहिणारा कोण, तर जे. आर. आर. टॉल्किन, मनापासून श्रद्धा ठेवणारा कॅथलिक.

१९५३ साली रॉबर्ट मरे या जेझुइट (कॅथलिक धर्मसंघातल्या) मित्राला लिहिलेल्या पत्रात टॉल्किन सांगतो, की हे पुस्तक मुळातच धार्मिक आहे, कॅथलिक आहे. सुरुवातीला ते नकळत झालं, पुन्हा लिहिताना मात्र जाणूनबुजून. आणि पुढे म्हणतो, याच कारणाने मी त्यातले धर्माचे उल्लेख जवळजवळ सगळे काढून टाकले. धर्म कथेतच मुरलाय, असं त्याचं म्हणणं.

कथेत मुरलाय म्हणजे काय, ते बघू.

ख्रिस्ती कल्पनाकथेची एक वेगळी रीत मराठीत फार आधी आली होती. जॉन बन्यनचं १६७८ मधलं 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' हरी केशवजींनी १८४१ साली 'यात्रिकक्रमण' या नावाने मराठीत आणलं. त्यातल्या यात्रेकरूच्या पाठीवर पापाचं ओझं आहे, अगदी खरंखुरं गाठोडं, आणि क्रुसापाशी पोचल्यावर ते गळून पडतं. तिथे प्रत्येक गोष्टीचा अर्थ लेखकाने ठरवून दिलेला असतो. ही रूपककथा. टॉल्किनला हा प्रकार मनापासून नावडता होता, तसं त्याने 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'च्या प्रस्तावनेत स्पष्ट लिहिलंय. वाचकावर अर्थ लादायचा नाही, हा त्याचा आग्रह.

मग त्याची श्रद्धा शोधायची कुठे? माझं ठाम मत आहे, की ती घटनाक्रमात आहे. शेवट आठवा. दुष्ट शक्तीची अंगठी नष्ट करायला निघालेला नायक फ्रोडो ज्वालामुखीच्या तोंडाशी उभा आहे. अंगठी आगीत टाकायची, एवढंच काम उरलंय. आणि तो म्हणतो, नाही टाकणार, ही माझी आहे. बोटात घालतो! नायक हरतो, तेही अगदी शेवटच्या पावलावर. मग त्याच अंगठीने झपाटलेला गॉलम झडप घालतो, बोटासकट अंगठी तोडून घेतो, आनंदाने नाचतो आणि तोल जाऊन आगीत पडतो.

आता गॉलम तोवर जिवंत का होता? कित्येक वर्षांपूर्वी अंधाऱ्या बोगद्यात फ्रोडोचा नातलग बिल्बो याच्या हातात तलवार होती, समोर गॉलम होता, आणि बिल्बोला दया आली. पुढे फ्रोडोनेही त्याला सोडलं. डोंगराच्या चढावर, अगदी शेवटी, फ्रोडोचा साथीदार सॅम यानेसुद्धा. हे तिघं आपापल्या वेळी कठोर वागले असते, तर जग बुडालं असतं.

एका वाचकाने तर चिडून टॉल्किनला कळवलं, की फ्रोडोला गद्दार म्हणून मृत्युदंड द्यायला हवा होता. टॉल्किनने फ्रोडोचं अपयश नाकारलं नाही. त्याने येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेकडे बोट दाखवलं: आमच्या अपराधांची क्षमा कर, जशी आम्ही इतरांना करतो; आम्हांला परीक्षेत आणू नकोस. माणसाचं तारण स्वतःच्या बळावर होत नाही, ते कृपेने होतं, ही ख्रिस्ती श्रद्धेची गाभ्याची गोष्ट. इथे ती कुणी प्रवचन करून सांगत नाही, ती घडते. मला कथा म्हणून हे विलक्षण वाटतं.

ही श्रद्धा त्याला स्वस्तात मिळालेली नव्हती. १९०० साली आई मेबल कॅथलिक झाली, तेव्हा नातेवाइकांनी पैशाची मदत तोडली. १९०४ मध्ये ती मधुमेहाने गेली. इन्सुलिन यायला अजून बरीच वर्षं होती. टॉल्किन तेव्हा बारा वर्षांचा. आईने श्रद्धेसाठी प्राण दिले, असंच तो मानत राहिला.

त्याचा लेखक मित्र सी. एस. लुईस याला पुन्हा ख्रिस्ताकडे आणण्यातही टॉल्किनचा मोठा वाटा. सप्टेंबर १९३१ मध्ये ऑक्सफर्डला रात्री उशिरापर्यंत टॉल्किन, लुईस आणि त्यांचा मित्र ह्यूगो डायसन मिथकांवर बोलत होते. पुढे लुईसने दुसऱ्या एका मित्राला लिहिलं, की ख्रिस्ताची कथा हे खरोखर घडलेलं मिथक आहे. त्याच लुईसची 'नार्निया' ही मुलांसाठीची कल्पनाकथामाला मात्र टॉल्किनला आवडली नाही.

आणि तरीही जादूगार दिसला की पुस्तक सैतानाचं, असं मानणारे आजही आहेत. २००१ च्या अखेरीस अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या एका चर्चने हॅरी पॉटरची पुस्तकं जाळली. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या ग्रंथात चेटूक निषिद्ध आहे, हे खरं, आणि आईवडिलांची ती काळजी मी हलकी मानत नाही. पण त्याच मालिकेच्या २००७ मधल्या शेवटच्या पुस्तकात हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर बायबलमधल्याच करिंथकरांस पत्रातलं वचन कोरलंय: शेवटचा शत्रू जो नष्ट होईल, तो मृत्यू. जाळण्याआधी निदान वाचायला तरी हवं ना?

टॉल्किन वाचायला घेणार असाल, तर पहिल्या खंडाचं दुसरं प्रकरण सावकाश वाचा. गॉलमला तेव्हाच मारायला हवं होतं असं फ्रोडो म्हणतो, आणि जादूगार गॅन्डाल्फ त्याला उत्तर देतो, ते तिथेच आहे. वाचून झालं की तुम्हाला काय वाटलं, खाली लिहा.