दहाव्या वचनावर थांबू नका

नमस्कार श्रोतेहो.

मी परिचारिका. मिशनच्या दवाखान्यात माझी नोकरी झाली आणि त्यातली बरीच वर्षं व्यसनमुक्तीच्या वॉर्डात गेली. आता निवृत्त आहे, पण आठवड्यातून एकदा वॉर्डात जाते आणि ज्याला ऐकायचं असेल त्याच्यासोबत बसून पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचते. त्या वाचनातून जे उमगलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

वॉर्डात येणाऱ्या ख्रिस्ती माणसाला एक वचन बहुधा आधीच पाठ असतं. घरच्यांनी, पाळकांनी, मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, वडीलधाऱ्यांनी ते त्याला इतक्या वेळा ऐकवलेलं असतं की त्याच्या अंगात भिनलेलं असतं. करिंथकरांस पहिलं पत्र, सहावा अध्याय, दहावं वचन. चोर, लोभी, मद्यपी, अशांना देवाच्या राज्याचं वतन मिळणार नाही. तो मान खाली घालून मला विचारतो, ‘सिस्टर, आमचा निकाल तर लागलेलाच आहे ना?’

मी त्याला पुढचं वाचायला लावते. त्याच्याच तोंडानं, मोठ्यानं. अकरावं वचन: ‘आणि तुमच्यापैकी कित्येक तसे होते.’ तसे होते, तरी धुतलेले, पवित्र केलेले झाला, असं हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल त्यांना सांगतो. हे पत्र ज्या मंडळीला गेलं ती काही साधुसंतांची नव्हती. करिंथ हे दोन बंदरांचं, पैशाचं, चैनीचं शहर. पौल तिथे दीड वर्ष राहिला होता, माणसं त्याच्या ओळखीची होती. त्याच पत्रात अकराव्या अध्यायात तो रागावतो की तुम्ही प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घ्यायला, जमता आणि तुमच्यातला एक उपाशी राहतो, तर दुसरा झिंगतो. म्हणजे दारूचा प्रश्न मंडळीच्या आतच बसलेला होता. तरीही पौल त्यांना ‘पवित्र जन’ म्हणून हाक मारतो. माझी सगळ्या घरच्यांना कळकळीची विनंती आहे, दहावं वचन ऐकवायचंच असेल तर अकरावं वाचल्याशिवाय पुस्तक मिटू नका.

आता पहिल्या दिवसांबद्दल बोलते, कारण त्या दिवसांत माणसाला काही वाचण्याचं त्राणच नसतं. दारू थांबली की काही तासांत हात कापायला लागतात. आमच्या वॉर्डात चहाचा ग्लास अर्धाच भरून देतात, का, तर पूर्ण भरला की निम्मा चादरीवर सांडतो आणि माणूस ओशाळतो. घाम, उलट्या, झोप नाही. पहिल्या दोन दिवसांत कुणाला फीट येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कुणाला भास सुरू होतात, भिंतीवर किडे दिसतात. रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम दारू तोडली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून डॉक्टर औषधं हळूहळू उतरवत नेतात, ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी बी-वनचं इंजेक्शन देतात, कारण दारूनं ते जीवनसत्त्व शरीरातून आटलेलं असतं.

अशा वेळी मी एलीयाची गोष्ट सांगते. पहिले राजे, एकोणिसावा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा विजय मिळवलेला संदेष्टा, ईजबेल राणीच्या धमकीनं जीव घेऊन पळतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि देवाला म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. मग झोपतो. देवदूत येतो तो काय करतो? त्याला स्पर्श करून उठवतो आणि म्हणतो, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पितो, पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा तेच, ऊठ आणि खा, तुला लांब जायचंय. तू पळालास का, तुझा विश्वास कुठे गेला, असा एक शब्द नाही. देवाचा प्रश्न येतो, पण तो चाळीस दिवसांची वाट चालून एलीया होरेब डोंगराला पोचल्यावर.

प्रार्थना करणाऱ्या काही मंडळींना वाटतं की गोळ्या घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं. मला हे मुळीच पटत नाही. ज्या देवानं एलीयाला आधी जेवू घातलं आणि झोपू दिलं, तो सलाईनच्या बाटलीवर रुसत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक हा वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय’ म्हणतो. वॉर्डात प्रार्थना करा, जरूर करा, फक्त नर्सला तिचं काम करू देऊन करा.

हात कापायचे थांबतात, भूक लागायला लागते, माणूस दाढी करतो. मग येतो घरी जायचा दिवस, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड वाट तिथून पुढे सुरू होते.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात गरसेकरांच्या मुलखातला तो माणूस आठवा. कबरांमध्ये राहायचा, रात्रंदिवस ओरडायचा, दगडांनी स्वतःला ठेचून घ्यायचा. लोकांनी त्याला बेड्या घातल्या, साखळ्यांनी बांधलं, त्यानं त्या तोडल्या. त्याला भूत लागलं होतं, तुम्हांला लागलंय असं मी म्हणत नाही. व्यसन हा आजार आहे. पण कोंडून ठेवलेला, दोरीनं बांधलेला, दार फोडून पळालेला माणूस मी वॉर्डात पाहिलाय आणि त्याची आईही पाहिलीय. येशू त्या माणसाला बरं करतो. गावचे लोक धावत येतात, बघतात तर तो बसलेला आहे, अंगावर कपडे आहेत, भानावर आहे. आणि मार्क लिहितो की त्यांना भीती वाटली.

हे वाक्य मी घरच्यांसमोर मुद्दाम वाचते. एक बाई नवऱ्याला न्यायला आल्या होत्या. बिल भरून झालं, पिशवी भरून झाली, रिक्षा दारात उभी. त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘सिस्टर, आता ह्यांच्याशी बोलायचं काय?’ शुद्धीतल्या नवऱ्याशी शेवटचं कधी बोललो, हेच त्यांना आठवत नव्हतं. पिणाऱ्या माणसाशी कसं वागायचं ते घराला पाठ झालेलं असतं. पैसे तांदळाच्या डब्यात लपवायचे, पोरांना शेजारी पाठवायचं, पगाराच्या दिवशी फाटकापाशी उभं राहायचं. न पिणाऱ्याशी कसं वागायचं, हे कुणाला ठाऊकच नसतं. म्हणून बायको तोंडाचा वास घेते, खिसे तपासते. बरं होणाऱ्या माणसानं त्याचा राग धरू नये. तिची भीती खरी आहे, ती जायला वेळ लागेल, आणि तोवरचा तो वेळ सोसणं हा त्याच्या उपचाराचाच भाग आहे.

त्या बऱ्या झालेल्या माणसानं येशूला गळ घातली, मला तुमच्याबरोबर येऊ द्या. साहजिक आहे. जिथे आपली अब्रू गेली तिथे परत कोण जाईल? येशूनं नाही म्हटलं. आपल्या घरी, आपल्या माणसांकडे जा, असं सांगितलं. शिष्यांना ‘माझ्यामागे या’ म्हणणाऱ्या येशूनं या एकाला घराकडे वळवलं, आणि मला ती त्याच्यावर दाखवलेली केवढी मोठी भिस्त वाटते! ज्या गावानं त्याला साखळीत पाहिलं होतं, त्याच गावानं त्याला बाजारातून भाजी घेऊन येताना पाहायचं होतं.

घरी आलं की दिवस समोर उभे राहतात. आपल्याकडे श्रावण पाळणारे आहेत तसे ईस्टरआधीचा उपवासकाळ पाळणारेही आहेत. चाळीस दिवस थेंबाला शिवायचं नाही आणि ईस्टरच्या दुपारी बाटली उघडायची. ‘बघा, मी कधीही सोडू शकतो.’ हा पुरावा फसवा आहे. आयुष्यभराची शपथही मी कुणाला घालत नाही. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो, ती आजच्यापुरती मागतो. रानात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना नावाचं अन्न मिळालं तेही रोजचं रोज, उद्यासाठी राखून ठेवलं त्याच्यात किडे पडले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या, दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देण्यासाठी चालवलेल्या संघटनेच्या सभांमध्ये ‘फक्त आजचा दिवस’ म्हणतात ते याच धाटणीचं आहे.

मंडळीनं मात्र थोडं शहाणपण दाखवायला हवं. नाताळात घरी केलेली वाईन, रममध्ये मुरवलेल्या मनुकांचा केक, लग्नात ‘आजच्या दिवशी एक तरी घे रे’ असा आग्रह. दारू सोडवणारी डायसल्फिराम नावाची गोळी जो घेतो, त्याला थोड्याशा मद्यानंही छातीत धडधड, उलट्या, दम लागणं असा त्रास होऊ शकतो, काही खोकल्याच्या औषधांनीसुद्धा. मग प्रभुभोजनाचं काय, असं मला पुष्कळजण चोरून विचारतात. कॅथलिक शिकवणीप्रमाणे केवळ भाकरीच्या रूपातही ख्रिस्त पूर्ण मिळतो, त्यामुळे प्याला घेतला नाही म्हणून काही उणं राहत नाही. प्रोटेस्टंटांच्या कित्येक मंडळ्यांत मद्याऐवजी द्राक्षांचा रसच असतो. तुमच्या मंडळीत तसं नसेल तर पाळकांशी आधी बोलून ठेवा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि एवढं करूनही माणूस घसरतो. पुष्कळदा घसरतो. तेव्हा मी येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे जाते. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू त्याला म्हणतो, तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. ‘आणि तू वळलास म्हणजे तुझ्या भावांना स्थिर कर.’ हे पेत्र पडण्याआधी सांगितलेलं आहे! तो पडणार हे माहीत असून त्याच्या परतण्यानंतरचं काम ठरलेलं आहे. मग येशूला पकडून नेल्यावर अंगणात कोळशाच्या शेकोटीपाशी पेत्र तीनदा म्हणतो, मी त्याला ओळखत नाही. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, तिबिर्य समुद्राच्या काठी, पुन्हा कोळशाचा विस्तव आहे. त्यावर मासळी आहे, भाकर आहे, आणि येशू म्हणतो, या, न्याहारी करा. जेवणं उरकल्यावर तो तीनदा एकच विचारतो: माझ्यावर प्रीती करतोस का? तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं. पण प्रत्येक उत्तरामागून त्याला काम मिळतं, माझी मेंढरं पाळ, माझी मेंढरं चार.

ब्राऊन शुगर, म्हणजे हेरॉइन, किंवा तसलं काही घेणाऱ्यांच्या घरच्यांनी इथे एक गोष्ट नीट ऐकावी. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे घसरताना जुन्याच मापानं घेतलं तर श्वास थांबू शकतो. माणूस उठत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर अब्रूचा विचार न करता १०८ ला फोन करा.

भावांना स्थिर करणं म्हणजे काय, ते मला एका जुन्या हकिकतीत फार स्पष्ट दिसतं. १९३५ सालचा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन शहर. न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामात आपटी खाऊन एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. दारू सोडून काही महिनेच झाले होते. एका बाजूला बारमधला हसण्या-खिदळण्याचा आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि शहरातल्या चर्चची यादी. त्यानं फोन उचलला आणि मला एका पिणाऱ्या माणसाशी बोलायचंय असं सांगितलं. त्यातून त्याची गाठ पडली बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. पुढे ते एका वैद्यकीय संमेलनाला गेले आणि पुन्हा प्यायले. परत आले. १० जून १९३५ ला त्यांनी शेवटचा घोट घेतला, आणि अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस त्याच दिवसापासून आपला जन्म मोजते.

ही संघटना कुठल्या धर्माची नाही, आमच्या वॉर्डातले हिंदू, मुसलमान, बौद्ध भाऊ तिच्या सभांना जातात. पण त्या सुरुवातीच्या दिवसांत डॉक्टरांच्या घरी सकाळी त्यांची पत्नी अ‍ॅन शास्त्र वाचून दाखवायच्या. येशूचं डोंगरावरचं प्रवचन, करिंथकरांसच्या पहिल्या पत्रातला तेरावा अध्याय, आणि विशेष आवडीनं याकोबाचं पत्र. त्याच्या पाचव्या अध्यायात लिहिलंय, तुम्ही निरोगी व्हावं म्हणून आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. एकमेकांजवळ! व्यसनी माणूस देवाजवळ एकट्यानं हजार वेळा रडलेला असतो. दुसऱ्या माणसाच्या डोळ्यांत बघून ‘मी काल प्यायलो’ एवढं म्हणणं त्याला त्याहून जड जातं, आणि ते म्हटल्यावर तो रात्री झोपतो. मी हे पाहिलेलं आहे.

आमच्याकडे जुने पेशंट दर रविवारी दुपारी येतात. उपदेश कुणी करत नाही. नव्या माणसाच्या खाटेशी बसतात, त्याचा अर्धा ग्लास धरतात, माझे हातही असेच कापायचे म्हणतात.

तुम्ही पिणारे असाल आणि थांबायचं असेल, तर आज एका माणसाला फोन करा. कुणीच डोळ्यांसमोर नसेल तर सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, १४४४६. पुन्हा सांगते, एक चार चार चार सहा. रोज पीत असाल तर डॉक्टरांना भेटूनच थांबा. आणि तुम्ही पिणाऱ्याच्या घरचे असाल, तर तुमच्यासाठी अल-अ‍ॅनॉनच्या वेगळ्या सभा असतात. तो थांबो न थांबो, तुम्ही जा.

नमस्कार.