टाच दुखते तेव्हा पोटरी बघा

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय 'गुडघ्याखालचा पाय : हाडं आणि स्नायू'. त्याकडे येतोच, आधी सगळ्यांनी उजव्या पायातली चप्पल काढा. अंगठा एका हाताने वर ओढा आणि दुसऱ्या हाताने तळवा चाचपा. दोरीसारखं ताठ काही लागतंय? तिसऱ्या रांगेतल्या काकूंना सापडलं, चेहराच सांगतोय. तो तळव्याचा पट्टा, प्लांटर फॅशिया. टाचेच्या हाडापासून निघून बोटांच्या मुळाशी जातो. अंगठा उचलला की पट्टा ताणतो आणि पावलाची कमान वर चढते, रहाटाला दोर गुंडाळल्यासारखी. हिक्स नावाच्या संशोधकांनी हे १९५४ साली मांडलं. आपण प्रत्येक पावलाला हा रहाट फिरवतो.

आता माझ्या आप्पांची गोष्ट. आप्पा यंत्रमागावर कामाला होते. इथं बसलेल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी मागावर होतंच, त्यामुळे बारा तास फरशीवर उभं राहणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. पन्नाशीत त्यांची डावी टाच धरली. सकाळी अंथरुणातून उठले की पहिली चार पावलं भिंत धरून. मोरीपर्यंत गेले की जरा सैल. कारखान्यात पहिला तास बरा जायचा, जेवायला बसून उठले की पुन्हा कळ. एका दवाखान्यात फोटो काढला. फोटो उजेडाकडे धरून सांगितलं, "हाड वाढलंय, काटा आलाय. चालणं बंद करा." झालं! आमच्या घरात तो काटा पाहुण्यासारखा राहायला आला. आई वीट तापवायची, तिच्यावर रुईचं पान, पानावर टाच. टाचेत इंजेक्शनं झाली. आप्पा पाऊल टाकताना दचकायचे, कारण डोळ्यांसमोर तो काटा. चालणं तुटलं, मग माग सुटला. माग सुटलेला माणूस घरात कसा बसतो, ते मी पाहिलंय.

पुढे मी शरीररचनाशास्त्र शिकायला लागलो. विच्छेदनाच्या टेबलावर पोटरी उघडली, तेव्हा पहिल्यांदा कळलं की टाचेचं हाड दोन बाजूंनी बांधलेलं आहे. खालून तळव्याचा पट्टा, मागून पोटरीची जाड कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला बांधणारी दोरी. शरीरातली सगळ्यांत दणकट कंडरा ती. पोटरी आखडली की घोटा पुरता वाकत नाही, आणि चालताना तो सगळा ताण खालच्या पट्ट्यावर येतो. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं, म्हणून पट्टा आणि पोटरी दोन्ही आखडतात. सकाळचं पहिलं पाऊल त्यांना एकदम ओढतं. आप्पांच्या भिंत धरण्याचं कारण हे होतं.

मी घरी येऊन हट्टाने त्यांच्या उजव्या टाचेचाही फोटो काढायला लावला. त्या टाचेतही तसाच काटा! आणि ती टाच त्यांना आयुष्यात एकदाही दुखली नव्हती. काटा असूनही न दुखणाऱ्या टाचा पुष्कळ असतात आणि काटा नसताना दुखणाऱ्याही. पण आप्पांना तो फोटो दाखवला, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी उगाच बसलो?" यावर मला उत्तर देता आलं नाही. म्हणून गेली कितीतरी वर्षं मी बोलावतील तिथं जाऊन हेच सांगतोय.

पाच मिनिटं उरल्याची चिठ्ठी आलीय. मूळ विषय आता भरभर घेतो.

एका पावलात २६ हाडं. दोन्ही मिळून ५२, म्हणजे अंगातल्या २०६ हाडांपैकी चौथा हिस्सा पावलांतच. नडगीचं हाड भार घेतं, बाहेरचं बारीक हाड मुख्यतः स्नायूंना जागा देतं. घोटा म्हणून वेगळं हाड नाही; आतला उंचवटा नडगीचं टोक, बाहेरचा त्या बारीक हाडाचं. या दोघांच्या खोबणीत टॅलस नावाचं हाड बसतं, आणि त्या हाडाला एकही स्नायू चिकटलेला नाही. अंगाचा भार तोलणारं हाड, पण त्याला हलवतात शेजारी!

स्नायूंचं मुख्य सूत्र एवढंच, की पाऊल हलवणारे मोठे स्नायू पावलात नाहीत, नडगीभोवती आहेत. खाली येतात त्या त्यांच्या कंडरा. पुढचे स्नायू पाऊल वर उचलतात. बाहेरच्या बाजूचे स्नायू पाऊल बाहेर वळवतात. त्यातल्या एकाची कंडरा तळव्याखालून आडवी जाऊन अंगठ्याच्या मुळाशी पोचते. मागचा खोल स्नायू, टिबिआलिस पोस्टीरियर, आतली कमान धरतो. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणाऱ्याच्या नडगीकडे बघा, हे सगळे एकमेकांना सावरताना कातडीखाली दिसतात.

पोटरीत वरचा गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून येतो, खालचा सोलियस गुडघ्याच्या खालून. आवळला की सोलियस शिरांतलं रक्त वर ढकलतो, पण नुसतं उभं राहिलं की तो फारसा आवळत नाही, म्हणून एका जागी तासन्‌तास उभं राहणाऱ्याचे पाय सुजतात. पण एकच पोटरी अचानक सुजली आणि दुखायला लागली, तर चोळत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आता उठा, भिंतीशी या. दोन्ही तळहात भिंतीला, डावा पाय मागे, टाच जमिनीला टेकलेली. गुडघा सरळ, तीस आकडे मोजा. हा वरचा स्नायू ताणला. तसाच गुडघा वाकवा, टाच उचलायची नाही, पुन्हा तीस. हा सोलियस. रोज दोनदा, दोन-तीन महिने, आणि सकाळी अंथरुण सोडण्याआधी अंगठा वर ओढून तळवाही ताणा. काकू, टाच उचलताय. खाली टेकवा. हां, आता लागलं बरोबर.