ओळख ॲपवर, पारख भेटीत

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते डेटिंग ॲपवर मनासारखा जोडीदार शोधणाऱ्या तरुण मुलामुलींशी. आणि त्यांच्या आईवडिलांनीही ऐकायला हरकत नाही.

१९६२ साली डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या अमेरिकन गणितज्ञांनी एक कोडं सोडवलं. जितकी मुलं तितक्याच मुली, आणि प्रत्येकाने समोरच्यांची पसंतीक्रमाने यादी दिली, तर अशा जोड्या लावता येतील का, की कुणीही दोघं आपापला जोडीदार सोडून एकमेकांकडे जाऊ पाहणार नाहीत? लावता येतात, हे त्यांनी सिद्ध केलं आणि त्या लावायची पद्धतही दाखवली. या विषयातल्या कामाबद्दल शॅप्लींना २०१२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हिंज या ॲपने २०१८ मध्ये स्थळं सुचवायला हीच पद्धत वापरायला घेतली.

गणित चोख आहे. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: आपल्याला काय हवं, ते आपल्याला आधीच ठाऊक आहे.

खरंच असतं का? २०१७ साली सॅमंथा जोएल, पॉल ईस्टविक आणि इलाय फिंकेल या मानसशास्त्रज्ञांनी तरुणांकडून स्वभाव आणि अपेक्षांबद्दलच्या शंभराहून जास्त गोष्टी भरून घेतल्या, मग त्यांच्या एकमेकांशी छोट्या छोट्या भेटी घडवल्या. भरून घेतलेल्या माहितीवरून कोण बहुतेकांना आवडेल, याचा अंदाज संगणकाला काही प्रमाणात आला. पण अमुक मुलीला नेमका अमुक मुलगा आवडेल का, हे त्याला सांगता आलं नाही. मला हे निष्कर्ष फार दिलासा देणारे वाटतात. चार महिन्यांत कुणी मिळालं नाही, म्हणून स्वतःत खोट शोधत बसणाऱ्या मुलांनी तर ते जरूर लक्षात ठेवावेत.

मग करायचं काय? आधी प्रोफाइल. 'फिरायला आवडतं, गाणी आवडतात' हे सगळेच लिहितात. त्यातून माणूस दिसत नाही. 'रविवारी सकाळी आईबरोबर मंडईत जातो, भाजी मीच निवडतो' असं लिहिलं, की घर दिसतं, सवय दिसते, आणि समोरच्याला बोलायला धागा मिळतो. मूल हवं की नको, नोकरीसाठी गाव सोडायची तयारी आहे का, हेही आडपडदा न ठेवता लिहावं. त्यावरून कुणी मागे फिरलं, तर दोघांचाही वेळ वाचला.

दुसरं, महिनोन्‌महिने चॅट करत राहू नका. लिहिताना माणूस विचार करून लिहितो. चहा उशिरा आला तर वेटरशी कसा बोलतो, ते भेटल्यावरच कळतं. दोन-तीन भेटींनंतर पगार, कर्जाचे हप्ते, आईवडिलांची जबाबदारी, घरातली कामं हे विषय काढा. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात हे प्रश्न वडीलधारे विचारायचे. ॲपवर ते काम तुमचंच आहे, आणि त्यात संकोच करण्यासारखं काहीही नाही.

पहिली भेट गजबजलेल्या ठिकाणी, दिवसाउजेडी ठेवा. कुठे चाललोय, ते मैत्रिणीला किंवा भावाला सांगून जा. आधी एकदा व्हिडिओ कॉल करा. तो सतत टाळणाऱ्याला भेटू नका. आणि प्रत्यक्ष भेटण्याआधीच कुणी पैसे मागितले, तर कारण कितीही हृदय पिळवटणारं असलं तरी देऊ नका. दिले गेलेच असतील, तर लाजून गप्प बसू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवून धरण्याची शक्यता जास्त.