आयला ते वारी

(मंडळाच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार. कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘स्कॉटिश नामकरण परंपरा’ असं भारदस्त काहीतरी छापलंय. घाबरू नका. मला ग्लासगोत नात झाली आणि तिचं नाव ठेवताना जे महाभारत घडलं, तेवढंच माझं भांडवल.

लेकीने सातव्या महिन्यातच जाहीर केलं, मुलगी झाली तर आयला. (हशा) हसताय काय? स्कॉटलंडमध्ये हे नाव गेली कित्येक वर्षं पहिल्या काही नंबरांत आहे. पर्थशायर-अँगसकडे या नावाची नदी आहे. स्पेलिंगला शेवटी एक अक्षर जास्तीचं लावलं की उच्चार तोच, आणि ते व्हिस्कीसाठी प्रसिद्ध असलेलं बेट. जावई म्हणाला, किती गोड नाव! मी म्हटलं, बाबा रे, सुट्टीत तू पुण्याला येशील, पोर जिन्यावरून धूम ठोकेल, आणि तू खाली उभा राहून ‘आयला! आयला!’ करत ओरडशील. सोसायटीतले म्हणतील, जावयाला झालंय तरी काय?

मग यादी सुरू झाली. ऱ्होना? जन्मतःच रोना कशाला? ऊना? काय उणं आहे तिच्यात? मुलगा झाला तर कॅलम, म्हणजे कबुतर. संत कोलंबाच्या नावावरून आलेलं. आमच्या ह्यांना मात्र लगेच रत्नागिरीचं हापूसचं कलम आठवलं. नाव ठेवायला बसलो आणि नावंच ठेवत बसलो.

शेवटी विहीणबाईंना फोन लावला. त्या लुईस बेटावरच्या. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या उल्लापूल बंदरातून बोटीने पावणेतीन तास. गेलिक ही त्यांची घरातली भाषा. त्या शांतपणे म्हणाल्या, यात ठरवायचं काय आहे? आमच्याकडे ते ठरलेलंच असतं. पहिला मुलगा, तर वडिलांच्या वडिलांचं नाव. दुसरा, तर आईच्या वडिलांचं. पहिली मुलगी, तर आईच्या आईचं. म्हणजे तुमचं!

मी गारच पडले. नातवाला आजोबांचं नाव हे आपल्याला नवीन नाही. बाळाजी विश्वनाथांचा मुलगा बाजीराव, आणि बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी. पण आमच्या घरी तरी आजी-आजोबा गेल्यावर मग ते नाव घेतात. मी अजून सकाळी चार मैल चालते! शिवाय माझं म्हणजे कुठलं नाव? पाळण्यातलं एक, आणि लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेलं दुसरं. पाळण्यातल्या नावाने हाक मारणारं आता एकच माणूस उरलंय, नाशिकची माझी मोठी बहीण. हे विहीणबाईंना समजावताना माझी दमछाक झाली. त्यांना ते पटेचना. त्यांच्या गावच्या दफनभूमीत मी नंतर पाहिलं, बाईच्या दगडावर तिचं माहेरचं आडनाव कोरलेलं असतं. नवऱ्याच्या शेजारी झोपली, तरी नाव बापाकडचं.

या ठरलेल्या नावांमुळे घोळ पण भरपूर होतात. चार भावांना पहिला मुलगा झाला की चौघेही आजोबांच्याच नावाचे. मग गावात थोरला डोनाल्ड, तांबडा डोनाल्ड, बारका डोनाल्ड. आपल्याकडे पोस्टातला बाळू आणि गिरणीतला बाळू असतो ना, अगदी तसं. आणि मुलगा झालाच नाही तर? तर पुरुषाच्या नावाला शेपूट लावून मुलीला द्यायचं. विहीणबाईंच्या आत्या मर्डिना, म्हणजे मर्डो या नावाला शेपूट लावून. मी हसले, तर त्यांनी मला विल्यमिना फ्लेमिंग सांगितली. 1857 ला डंडीत जन्मली, अमेरिकेत जाऊन आधी घरकाम केलं, आणि 1888 मध्ये हार्वर्डच्या वेधशाळेतल्या फोटोच्या काचेवर घोड्याच्या डोक्यासारखा तेजोमेघ शोधला. मी हसणं बंद केलं.

दरम्यान नात झाली. स्कॉटलंडमध्ये 21 दिवसांत जन्म नोंदवावा लागतो; इंग्लंडवाल्यांना 42 मिळतात. बारावा दिवस जवळ आला, पाळणा सजवून तयार, आणि पोर अजून ‘बाळ’च. एका संध्याकाळी जावई तिला खांद्यावर घेऊन फिरवत होता आणि गुणगुणत होता, ‘अ व्हारी, अ व्हारी…’ मी स्वयंपाकघरातून ओरडले, काय म्हणालास? वारी?

त्याच्या आजीचं नाव मारी. आपल्या मेरीचं गेलिक रूप. पण गेलिकमध्ये हाक मारताना नावाचं पहिलं अक्षर मऊ पडतं आणि पुढे ‘अ’ लागतो, आपलं ‘अगं’ असतं तसा. मारीला हाक मारली की अ व्हारी. शेमसला हाक मारली की अ हेमिश. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ती हाकच नाव म्हणून उचलली, म्हणून हल्ली जगभर हेमिश आणि व्हारी आहेत. व्याकरणात शिकलेलं संबोधन आठवतंय? उद्या एखाद्या कारकुनाने ‘अगं सुमे’ ऐकून वहीत ‘सुमे’ असं लिहावं, तशी ही गंमत.

मला व्याकरणाशी काय देणंघेणं! माझे आजोबा देहूहून पालखीबरोबर चालत जायचे. मी म्हटलं, हेच. व्हारी. लेक बघतच राहिली, मग म्हणाली, चालेल, आणि मला हसत मिठी मारली. विहीणबाई मात्र अडून बसल्या. ‘अहो, हे नाव नाही, ही हाक आहे. नाव मारी.’ मी म्हटलं, आमच्याकडे मारी बिस्किटाचा पुडा असतो. जावयाने मधला मार्ग काढला. रजिस्टरात व्हारी, आणि मध्ये आमचं आडनाव; आईच्या माहेरचं आडनाव असं मधे घालायची इथली जुनी रीत आहे.

बारसं झालं. लाल केसांच्या आत्याने पाठ करून आणलेलं ‘कुर्रर्र’ पाळण्यात वाकून असं काही म्हटलं की मांजर पळालं, आणि वर आम्ही सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. तिला हे कुणीच सांगून ठेवलं नव्हतं. विहीणबाईंनी बाळाच्या मुठीत चांदीचं नाणं ठेवलं. घट्ट धरलं तर पोर काटकसरी. तिने ते सरळ पाळण्याबाहेर टाकलं.

गेल्या महिन्यात आम्ही लुईसला गेलो होतो. आता ती पाच महिन्यांची आहे. विहीणबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘अ व्हारी!’ आणि पोरीने गर्रकन मान वळवली.

मी म्हटलं, बघा, कळलं तिला स्वतःचं नाव.

त्या म्हणाल्या, ‘नाव कसलं? मी हाक मारली, म्हणून वळली.’